डेटाबेस दमतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मंडळ, वाचनालय, वधू-वर सूचक केंद्र अशा छोट्या संस्थांच्या साइट सांभाळणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्यांची तक्रार एकाच जागी येऊन थांबते, ती म्हणजे डेटाबेस, साइटची सगळी माहिती टेबलांत ठेवणारे सॉफ्टवेअर. आज्ञा आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीत टाइप करायची.

प्रश्न : आमच्या मंडळाची वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली साइट २ जीबी रॅम आणि २ कोअरच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आहे. एरवी काही त्रास नाही. पण गणेशोत्सवातल्या नाटकाची नोंदणी रात्री ८ वाजता उघडली, की पाच मिनिटांत ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ (डेटाबेसशी जोडणी होत नाही) येते. मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस) रीस्टार्ट केले की दहा मिनिटे चालते, मग पुन्हा तेच. होस्टिंगवाले ४ जीबीचा प्लॅन घ्या म्हणतात. घ्यावा का? (एक कार्यकर्ता, ठाणे)

इतक्यात नको. त्या वेळी डेटाबेस मेलेला असतो, की जिवंत असून दाद देत नाही, हे आधी ठरवा. पडद्यावरचा संदेश दोन्ही वेळा तोच असतो, उपाय मात्र निरनिराळे आहेत.

सर्व्हरवर सिस्टिमचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञा चालवून ‘आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस’ अशी ओळ शोधा. तिच्यात ‘मायएसक्यूएलडी’ हे डेटाबेसच्या प्रोसेसचे (चालू प्रोग्रॅमचे) नाव दिसले, तर रॅम संपली म्हणून लिनक्सने सर्वांत जास्त रॅम धरून बसलेली प्रोसेस मारली आहे. छोट्या सर्व्हरवर ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच असते. रॅम खाल्लेली असते वर्डप्रेसची पाने तयार करणाऱ्या पीएचपीने, मरतो डेटाबेस. रीस्टार्टनंतर दहा मिनिटे बरे चालते, या तुमच्या वर्णनावरून हीच शक्यता मोठी वाटते.

पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या फाइलमध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस, किती आहे ते बघा. कुठल्या तरी लेखातून उचललेला ५० हा आकडा अनेक साइटवर सापडतो. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस साधारण ४० ते ८० एमबी घेते. सरासरी ६० धरली तर ५० प्रोसेसना ३,००० एमबी लागतात. तुमच्याकडे आहेत २,०४८. एरवी एका वेळी चार-पाचच चालत असतात म्हणून कळत नाही, आठच्या ठोक्याला पन्नासच्या पन्नास उठतात.

हिशेब असा मांडा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेब सर्व्हरला ३०० एमबी. ‘इनोडीबी_बफर_पूल_साइज’ला (डेटाबेस वारंवार लागणारी माहिती रॅममध्ये ठेवतो त्या बफर पूलला) ५१२ आणि डेटाबेसच्या बाकीच्या पसाऱ्याला २००. उरतात सुमारे हजार. त्याला ६० ने भागले की १६ येतात. मोकळीक ठेवून १२ लावा. तेराव्या माणसाला रांगेत सेकंदभर थांबावे लागेल, पण साइट उभी राहील. सोबत १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असू द्या.

डीमेसेजमध्ये काहीच सापडले नाही आणि पीएचपीच्या एरर लॉगमध्ये १०४० क्रमांकाची ‘टू मेनी कनेक्शन्स’ दिसली, तर डेटाबेस जिवंत आहे पण भरलेला आहे. ‘मॅक्स_कनेक्शन्स’, म्हणजे एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा, मूळचे १५१ असते. ते ५०० करा असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दोन कोअरवर १५० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) आधीच रखडलेल्या असताना आणखी साडेतीनशे आत घेतल्या, तर प्रत्येकीला लागणारा वेळ वाढतो आणि प्रत्येक जोडणी रॅम खाते ती वेगळीच.

हे सगळे सावरले तरी आठ वाजता डेटाबेस नेमके काय करत असतो, हा प्रश्न उरतोच. त्या पाच मिनिटांत ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ (त्या क्षणीच्या जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा) दर दोन सेकंदांनी चालवा. जोडण्या भरल्या तरी मायएसक्यूएल रूट (सर्वाधिकार असलेल्या) खात्यासाठी एक जोडणी राखून ठेवते. मात्र साइटच रूट खात्याने जोडलेली असेल तर ती राखीव जागाही गेलेली असते. साइटला वेगळे खाते द्यायचे हे एक रोखठोक कारण.

यादीत दोनपैकी एक चित्र दिसेल. एकच क्वेरी दहा-बारा ओळींत, शेजारी वेळ ४, ५, ७ सेकंद, असे दिसले तर दोष त्या क्वेरीत आहे. नोंदणीच्या पानावर ती बहुधा ‘किती जागा उरल्या’ हे मोजणारी असते. फॉर्मचे अनेक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे जास्तीचे भाग) प्रत्येक नोंद ‘डब्ल्यूपी_पोस्टमेटा’मध्ये टाकतात, आणि त्या टेबलात ‘मेटा_व्हॅल्यू’ या कॉलमवर इंडेक्सच (पटकन शोधण्यासाठीची सूची) नसतो. म्हणजे पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी चाळून पुन्हा मोजणी होते. क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन’ लावून बघा : ‘रोज’ (चाळाव्या लागणाऱ्या ओळी) या रकान्यात लाखाचा आकडा आणि हाती येणारे उत्तर एकच, असे असेल तर चोर सापडला.

उपाय म्हणजे जागांसाठी छोटे स्वतंत्र टेबल : कार्यक्रम क्रमांक आणि शिल्लक. नोंदणी पक्की करताना एकच क्वेरी चालवायची :

अपडेट कार्यक्रम सेट शिल्लक = शिल्लक - १ व्हेअर क्रमांक = ७ अँड शिल्लक >= १

एक ओळ बदलली तर जागा मिळाली, शून्य ओळी बदलल्या तर जागा संपल्या. आधी मोजून मग लिहिले, तर त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा माणूस घुसतो आणि एकच खुर्ची दोघांना जाते. पानावर दाखवायचा शिल्लक आकडा मात्र १५ सेकंद जुना असला तरी चालतो. तो कॅशमधून (तात्पुरत्या साठवणीतून) द्या.

दुसरे चित्र म्हणजे सगळ्या ओळी ‘स्लीप’. डेटाबेस रिकामा बसला आहे आणि पीएचपी जोडणी धरून दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहते आहे. नोंदणीत हे ‘दुसरेच’ म्हणजे बहुतेक वेळा पोचपावतीचा ईमेल. मेल सर्व्हरने उत्तर द्यायला तीन सेकंद घेतले की बारापैकी एक प्रोसेस तीन सेकंद अडकते. ईमेल टेबलात रांगेला लावा आणि दर मिनिटाच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) पाठवा. एवढ्या एका बदलाने तेवढाच सर्व्हर कितीतरी जास्त माणसे पेलतो.

इतके करूनही ‘इनोडीबी_बफर_पूल_रीड्स’ हा आकडा गर्दीत झपाझप चढत राहिला, म्हणजे डेटाबेसला सारखे डिस्कवर जावे लागते आहे. तेव्हा ४ जीबी घ्या, आणि वाढलेली रॅम बफर पूलला द्या. ते सेटिंग हाताने कधी बदललेच नसेल तर पूल मूळच्या १२८ एमबीवरच राहतो.

प्रश्न : आमची साइट शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटमध्ये वाटलेल्या सर्व्हरवर) आहे, रूट मिळत नाही. ‘मॅक्स_यूझर_कनेक्शन्स’ (एका खात्याच्या जोडण्यांची मर्यादा) ओलांडल्याचा संदेश दिवसातून पाच-सहा वेळा येतो. गर्दी तर मुळीच नसते. (एक वाचक, कोल्हापूर)

माणसांची गर्दी नसेल. ॲक्सेस लॉग (साइटवर आलेल्या विनंत्यांची नोंदवही) उघडून यंत्रांची मोजा. सीपॅनेलमधून (होस्टिंगच्या नियंत्रण-पानातून) आदल्या दिवसाचा लॉग उतरवून घ्या आणि ‘एक्सएमएलआरपीसी’ (बाहेरच्या ॲपला साइटवर लिहू देणारी फाइल), ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ आणि शोधाचे ‘?एस=’ अशा विनंत्या किती आहेत ते पाहा. पहिल्या दोन बहुधा पासवर्ड हुडकणाऱ्यांच्या असतात. मोबाइल ॲपवरून लिहीत नसाल तर एक्सएमएलआरपीसी एचटीॲक्सेस या वेब सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधूनच अडवा, म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत पोचतच नाही. प्लगइनने अडवली तर तोवर वर्डप्रेस सुरू होऊन डेटाबेसला जोडलेले असते आणि खर्च होऊन गेलेला असतो.

दुसरे, ‘डब्ल्यूपी-क्रॉन’. वर्डप्रेसची वेळापत्रकातली कामे कुणीतरी पान उघडले की सुरू होतात. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन’ला ‘ट्रू’ करा आणि सीपॅनेलमध्ये दर १५ मिनिटांचा खरा क्रॉन लावा.

तिसरी गोष्ट जुन्या साइटवर हमखास निघते. ‘डब्ल्यूपी_ऑप्शन्स’मधल्या ऑटोलोड नोंदी वर्डप्रेस प्रत्येक विनंतीला एकदम उचलते. काढून टाकलेले प्लगइनही आपला पसारा इथेच सोडून जातात. पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या साधनात) हे चालवा :

सिलेक्ट ऑप्शन_नेम, लेंग्थ(ऑप्शन_व्हॅल्यू) फ्रॉम डब्ल्यूपी_ऑप्शन्स व्हेअर ऑटोलोड इन (‘यस’, ‘ऑन’, ‘ऑटो’, ‘ऑटो-ऑन’) ऑर्डर बाय २ डेस्क लिमिट २०

वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थचे पान सगळ्या ऑटोलोड नोंदींची बेरीज ८०० केबीच्या वर गेली की इशारा देते. नाव ओळखून ती नोंद कुठल्या प्लगइनची हे पक्के झाले तरच हात लावा, आणि तेव्हाही पुसू नका. ऑटोलोड ‘ऑफ’ करा. आठवडाभर काही बिघडले नाही तर मग पुसा.

प्रश्न : वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरतो. ग्रंथांच्या नोंदी जेमतेम २२ हजार, पण डेटाबेस १९ जीबी झाला आहे आणि ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन ग्रंथसूची) उघडायला अर्धे मिनिट लागते. (एक ग्रंथपाल, सातारा)

पुस्तकांनी एवढी जागा घेतलेली नाही. ‘सेशन्स’ हे टेबल बघा. ओपॅकवर येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी कोहा तिथे एक ओळ लिहिते. माणूस पुढच्या पानावर गेला की कुकीमुळे (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणेमुळे) तीच ओळ वापरली जाते. शोधयंत्रांचे बॉट (पाने आपोआप उघडत फिरणारे प्रोग्रॅम) कुकी ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी उघडलेल्या प्रत्येक पानाला नवी ओळ पडते. त्यातच शोधाच्या पानाशेजारी लेखक, विषय, भाषा असे गाळण्याचे दुवे असतात. त्यांच्या जोड्या संपतच नाहीत आणि बॉट त्या एकेक करून उघडत बसतात.

कोहासोबत ‘क्लीनअप_डेटाबेस’ नावाची स्क्रिप्ट येते. ती ‘सेशन्स’ हा पर्याय देऊन रात्री चालवा. नव्या आवृत्तीत ‘कन्फर्म’ दिल्याशिवाय ती काहीच पुसत नाही. त्या वेळी लॉगिन असलेले सगळे बाहेर फेकले जातात, म्हणून देवघेव चालू असताना नको. डेबियन या लिनक्स प्रकाराच्या पॅकेजमधून कोहा बसवले असेल तर रोजच्या क्रॉनमध्ये हे काम आपोआप येते. कुणी हाताने बसवून दिले असेल तर राहून गेलेले असते. तुमच्याकडे तेच झाले असावे. टेबल फारच फुगले असेल तर पुसत बसण्यापेक्षा ‘ट्रंकेट’ (टेबल एकदम रिकामे) करा. ओळी पुसल्याने फाइल लहान होत नाही, ट्रंकेटने होते.

मग बॉटना सूचना देणाऱ्या ‘रोबोट्स’ फाइलमध्ये ओपॅक-सर्चला ‘डिसअलाऊ’ लावा. नियम पाळणारे बॉट तेवढ्याने थांबतील. न पाळणाऱ्यांसाठी वेब सर्व्हरवरच एका आयपीला मिनिटाला ठरावीक विनंत्या अशी मर्यादा घाला. मात्र वाचनालयातले सगळे संगणक बाहेर एकाच आयपीने दिसतात, तो आयपी आधी सूटीच्या यादीत टाका.

प्रश्न : समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची साइट एका हौशी कार्यकर्त्याने पीएचपीत लिहिलेली आहे. ३० हजार स्थळे. शोध घेतला की ८ ते १० सेकंद, आणि रविवारी संध्याकाळी सर्व्हरचा लोड (एका वेळी चालू आणि ताटकळणारी कामे) १५ च्या वर. (व्यवस्थापक, नागपूर)

सोबत पाठवलेला कोड वाचला. तीन जागी दुरुस्ती हवी, आणि तिन्ही त्याच कार्यकर्त्याला एका बैठकीत करता येतील.

वयाची अट ‘इयर(करडेट()) - इयर(जन्मतारीख) बिटवीन २५ अँड ३०’ अशी लिहिली आहे. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळले की त्याच्यावरचा इंडेक्स निरुपयोगी होतो, कारण इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या आहेत, वये नाहीत. शिवाय हे वय वर्षभरापर्यंत चुकतेही. आधी पीएचपीत तारखांच्या सीमा काढा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी २५ ते ३० वर्षे पूर्ण म्हणजे जन्म १६ ऑगस्ट १९९४ ते १५ ऑगस्ट २००० या दरम्यान. मग क्वेरीत नुसते ‘जन्मतारीख बिटवीन’ आणि या दोन तारखा. इंडेक्स एकच, तीन कॉलमचा, आणि क्रमही हाच : लिंग, वैवाहिक स्थिती, जन्मतारीख. बरोबरीच्या अटी आधी, ‘पासून-पर्यंत’ची अट शेवटी. जन्मतारीख पुढे घेतली तर तिच्यामागच्या कॉलमचा शोध आवळायला उपयोग उरत नाही. नुसत्या लिंगावर वेगळा इंडेक्स करू नका. निम्म्या ओळी जुळत असतील तर डेटाबेस तो बाजूला ठेवून सगळे टेबलच वाचतो.

मुखपृष्ठावरची ‘आजची स्थळे’ ‘ऑर्डर बाय रँड’ने निवडली आहेत. बारा स्थळे दाखवण्यासाठी तीस हजार ओळींना एकेक यादृच्छिक आकडा देऊन सगळ्यांची क्रमवारी लावली जाते, आणि हे मुखपृष्ठ उघडणाऱ्या प्रत्येकासाठी होते. रविवारचा लोड मुख्यतः इथला. दर दहा मिनिटांनी क्रॉनने बारा क्रमांक निवडून एका फाइलमध्ये ठेवा आणि मुखपृष्ठाने ती फाइल वाचावी.

तिसरी गोष्ट फोटोंची. ते टेबलातच ‘लाँगब्लॉब’मध्ये (आख्खी फाइल साठवणाऱ्या कॉलममध्ये) आहेत आणि शोधाची क्वेरी ‘सिलेक्ट *’, म्हणजे सगळेच कॉलम मागणारी, आहे. यादीत नाव, वय, शिक्षण दाखवायचे असताना प्रत्येक स्थळामागे काही मेगाबाइटचा फोटो बफर पूलमधून ओढला जातो आणि इंडेक्सची पाने बाहेर ढकलली जातात. फोटो फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त फाइलचे नाव. पण फोल्डर वेब सर्व्हरच्या सार्वजनिक जागेबाहेरच हवे, आणि फोटो लॉगिन तपासूनच दिला गेला पाहिजे. लोकांनी विश्वासाने दिलेले मुला-मुलींचे फोटो आहेत. वेगासाठी ते उघड्यावर पडू देऊ नका.

प्रश्न : सर्व्हर मुंबईत, वाचक बहुतेक इकडचे. उन्हाळ्यात रोज दुपारी साडेचारला साइट दहा मिनिटे गोठते. लेख वाचता येतात, प्रतिक्रिया देता येत नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

तुमचे साडेचार म्हणजे भारतातले पहाटेचे दोन. ती बॅकअपची वेळ आहे. मायएसक्यूएलडंप ही बॅकअपची आज्ञा नुसती चालवली तर त्या डेटाबेसची सगळी टेबले काम संपेपर्यंत कुलूपबंद होतात. वाचन चालते, लेखन थांबते. तुमची लक्षणे तंतोतंत हीच. आज्ञेत ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ घाला, इनोडीबी पद्धतीने साठवलेली टेबले कुलुपाशिवाय उतरतील. जुन्या साइटवर काही टेबले मायआयसॅम या जुन्या पद्धतीची असतात. ती आधी ‘ऑल्टर टेबल’ने इनोडीबी करून घ्या. त्यासाठी टेबलाएवढी मोकळी डिस्क लागते आणि तेवढा वेळ लेखन बंद राहते. आणि बॅकअप भारतीय वेळेने दुपारी दीडला न्या. तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे चार असतात.

प्रश्न : लॉगमध्ये ‘४०४’ची (पान न सापडल्याच्या नोंदींची) खच्चून भर आहे. सगळे आमच्याच लेखांचे अर्धवट दुवे. याने ताण येतो का? (संपादक मंडळातील एक, नाशिक)

येतो. पान सापडले नाही हे कळेपर्यंत वर्डप्रेस पूर्ण सुरू होते, मिळतेजुळते नाव शोधायला आणखी एक क्वेरी करते, आणि कॅशचे बहुतेक प्लगइन ४०४ साठवत नाहीत.

या दुखण्याचे मूळ मराठी शीर्षकांत आहे. दुव्यातला मजकूर वर्डप्रेसमध्ये २०० अक्षरांत बसवावा लागतो, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरे घेते. काना, मात्रा, हलन्त यांनाही प्रत्येकी नऊ. ‘गणेशोत्सव कार्यक्रम नोंदणी २०२५’ या शीर्षकाचा दुवा ‘गणेशोत्सव-कार्यक्रम-नोंद’ इथेच तुटतो : ८१, १, ८१, १, ३६, झाले दोनशे. साल कधी पोचतच नाही, म्हणून दर वर्षीच्या पानाला मागे २, ३ असे आकडे लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना एवढा लांब दुवा मध्येच तोडून चिकटवला जातो, ते तुमचे ४०४. लेख प्रकाशित करताना दुवा हाताने रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा द्या. जुन्या लेखांचे दुवे आता बदलू नका. लोकांकडे ते गेलेले आहेत.

प्रश्न : डिस्क १०० टक्के भरली आणि मायएसक्यूएल सुरूच होत नाही. डेटा फोल्डरमध्ये ‘बिनलॉग’ नावाच्या शेकडो फाइल आहेत. पुसू का? (एक वाचक, पणजी)

हाताने पुसू नका. त्यांची यादी एका इंडेक्स फाइलमध्ये असते आणि दोन्हींचा मेळ तुटला तर नवी अडचण उभी राहते. आधी जुने वेब लॉग, पॅकेजची कॅश, जुने बॅकअप हलवून एखादा जीबी मोकळा करा. डेटाबेस सुरू झाला की ‘पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर’ आणि तारीख द्या. या फाइल दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवण्यासाठी किंवा बॅकअपनंतरचे बदल परत मिळवण्यासाठी असतात. मायएसक्यूएल ८ मध्ये त्या आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठतात. एकच सर्व्हर आणि रोजचा बॅकअप असेल तर तीन दिवस पुरेत : ‘बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स’ = २५९२००. हे सेटिंग फाइलमध्ये लिहा. नुसते ‘सेट ग्लोबल’ने दिले तर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा ३० दिवस होतील.